टोकाचा खांब

आम्ही शहाद्याचे पिंजारी. म्हणजे होतो. अब्बांच्या खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली होती, माझ्या हातात वेल्डिंगचा होल्डर आला. फोमच्या गाद्या आल्या, पिंजाऱ्याला दारात कोणी बोलवेना, तेव्हा अब्बांनीच मला दहावीनंतर एका ग्रिलवाल्याच्या दुकानात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, याला आगीचं काम शिकवा, रुईचं आता संपलं. तेव्हापासून गेट, खिडक्यांच्या जाळ्या, टाकीचे स्टँड, शटर, सगळं केलं. पुढे जे सांगणार आहे त्यात मी चांगला माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्यानं उगाच माझी बाजू घेऊ नये.

धनुकलीला जी दोरी असते तिला तात म्हणतात. जनावराच्या आतड्याची, पीळ दिलेली. अब्बा कामाला बसण्याआधी ती बोटानं छेडत आणि कान लावत. मनासारखा आवाज आला नाही तर पुन्हा ताणत, पुन्हा छेडत. तात बोलली पाहिजे, एवढंच म्हणायचे. ढिल्या तातेवर कापूस फुलत नाही, नुसता गुंतून बसतो. मला लहानपणी गल्लीच्या तोंडाशीच कळायचं की आज तात लागलीय की नाही. अभ्यासात मी ढ होतो, पण कान तेवढा तयार होता आणि त्याची मला भारी घमेंड. अजूनही कुठलीही तार ताणली की मी ती छेडून बघतो. घरातली कपडे वाळत घालायची तारसुद्धा. बायको म्हणते, तुन्ही तारवर कपडा टाकानं भ्याव वाटस, चिमटा उडीसन डोळामा जाई.

तर झालं असं की सुरतचे एक शेठ आमच्याकडे डोंगरात जागा घेऊन बसले होते. म्हसावद सोडून तोरणमाळच्या घाटाला लागलं की एका वळणावर त्यांनी पाहुण्यांसाठी एक कॉटेज बांधलं होतं आणि त्याच्यापुढे लाकडी ओटा काढला होता. शेठ त्याला डेक म्हणायचे. ओट्याच्या पुढच्या कडेला सागाचे खांब उभे राहायचे होते, आणि त्यांच्यापलीकडे सरळ दरी. तिथं कठडा हवा होता. पण शेठना जाळी नको, पाइप नको. म्हणाले, पिंजऱ्यात बसल्यासारखं वाटतं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. लाकडाच्या खांबांतून आरपार गेलेल्या स्टीलच्या बारीक नऊ तारा, एकीखाली एक, आणि मागं समुद्र. विचारलं, केलंय का असं काम? मी म्हणालो, भरपूर.

बघितलंसुद्धा नव्हतं. पण धंद्यात याला कोणी खोटं म्हणत नाही. मी दोन दिवस सुरतेत जाऊन ज्या दुकानातून तार घेतली तिथल्या माणसाच्या मागं लागलो आणि शिकून घेतलं. तारेच्या टोकाला स्टीलची नळी घालून ती यंत्रानं दाबायची कशी, टर्नबकल लावायचा कसा. टर्नबकल म्हणजे दोन्हीकडून आटे असलेला एक तुकडा, तो फिरवला की तार खेचली जाते. त्या माणसानं आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली होती. मधल्या खांबांतून तारा नुसत्या पार जातात, पण टोकाच्या दोन खांबांवर नऊच्या नऊ तारांचा ओढा येतो. म्हणून आधी खांबांच्या डोक्यावरून आडवी पट्टी पक्की बसवायची, जिच्यावर माणूस हात टेकतो ती, आणि मगच तारा ताणायच्या, त्याही बेतानं. पट्टी टोकाच्या खांबांना आत झुकू देत नाही. हे मी ऐकलं होतं. विसरलो नव्हतो.

लाकडाचं काम एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याकडे होतं. म्हातारा म्हणजे तसा पन्नाशी ओलांडलेला, पण डोंगरातली माणसं उन्हानं लवकर वाळतात. वरच्या पाड्यावर राहायचा. घरी त्याची पावरी बोली, माझ्याशी बोलायला मोडकीतोडकी अहिराणी, क्वचित मराठी. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला मिस्तरी. शेठनी वनखात्याच्या डेपोच्या लिलावातून सागाचे ओंडके घेतले होते. ते यानं कापले, आणि दोन पावसाळे छपराच्या सावलीत वाळवले. प्रत्येक थराच्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असे. मधूनमधून जाऊन उलटायचा. खांबावर बोटाच्या पेरानं ठोकायचा, नाकाला लावून वास घ्यायचा, मग मान हलवायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, लोखंडनं तुम्ही जाणा मिस्तरी, लाकूडनं मी. आणि खरंच, महिनाभरात त्यानं माझ्या कामात एकदाही तोंड घातलं नाही.

चहा प्यायला बसलो की तो एकच विषय काढायचा. दरवर्षी दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको बारडोलीकडं ऊस तोडायला जात. होळीला परत. बायकोची कंबर गेली होती, सकाळी भिंतीला धरून उठायची म्हणे. यंदा जायचं नव्हतं. शेठ याच्यानंतर आणखी चार कॉटेजं बांधणार होते, तसेच लाकडी ओटे, तसेच खांब, आणि सगळं काम याच्याच हातून घ्यायचं बोलले होते. अट एकच, हे पहिलं धड झालं पाहिजे. दोन वर्षं घरी राहता येईल, असं तो हिशेब करून सांगायचा, आणि सांगताना त्याच्या तोंडावर असं काही हसू यायचं की मीच दुसरीकडे बघायचो. कुणाच्या सुखाकडे फार बघू नये, दृष्ट लागते, असं आमची अम्मी म्हणायची. दृष्ट नाही लागली. त्याहून वाईट लागलं.

खांबांना भोकं पाडायचं काम माझं. एकेका खांबाला नऊ भोकं, ओळंब्यात, एका रेषेत. पंधरा दिवस तेच करत होतो. लाकडात ड्रिल घातलं की भुसा पिठासारखा उडायचा. कपड्यांत, केसांत, कानात. कच्च्या लाकडाचं तसं नसतं. त्याचा भुसा ओलसर निघतो, पात्याला चिकटून बसतो, पातं तापून धूर येतो. हे कळायला सुतार असावं लागत नाही. ड्रिल हातात धरलेल्या कुठल्याही माणसाला कळतं.

शनिवारी दुपारपर्यंत सगळ्या तारा ओवून झाल्या. शेठ रविवारी येणार होते. वरची आडवी पट्टी अजून तयार नव्हती, म्हातारा तिला तेल पाजत होता. म्हणाला, दोन दिन आखो लागतीन, तेल पिऊ द्या तिले. बरोबरच होतं त्याचं. पण मला दोन दिवस थांबायचं नव्हतं. शेठ येतील आणि तारा लोंबत असतील, म्हणजे मी काय तोंड दाखवू? उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. पट्टी मागून बसवली म्हणून काय बिघडतं, सागाचा खांब आहे, हत्ती बांधला तरी हलायचा नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि पाना उचलला.

पहिली तार ताणली, छेडली. मुकी. आणखी ताणली. घुमायला लागली. आणखी एक फेरा दिला आणि ती टणकन बोलली. दरीवर तो आवाज असा गेला की माझ्या अंगावर काटा आला. अब्बा जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि इथं सागाच्या खांबाला त्यांची तात लागली होती. मग मी कसला थांबतो. नऊच्या नऊ तारा एका आवाजात लागेपर्यंत ताणत राहिलो. एक घट्ट झाली की शेजारची ढिली पडायची, मग ती पुन्हा. म्हातारा तेलाचा बोळा हातात घेऊन बघत उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, इतकं ताणतस का? मी म्हणालो, ताणावंच लागतं, तार बोलली पाहिजे. त्यानं मान डोलावली. जवळ येऊन एका बोटानं तार छेडली आणि हसला.

अति तेथे माती, हे मला पाचवीत शिकवलं होतं.

रविवारी शेठ खूश. फोटो काढले, पाठीवर थाप मारली. मंगळवारी म्हातारा पट्टी बसवायला गेला तर पट्टी बोटभर लांब. टोकापासून टोकापर्यंत त्यानं स्वतः मोजून कापलेली, आणि आता बसेना. खांब आत आले होते. मला ते बघताक्षणी कळलं. म्हातारा मात्र फुटपट्टी काढून पुन्हा मोजत राहिला, तीनदा मोजलं, मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि मला म्हणाला, मन्हंच माप चुकनं. करवत घेऊन त्यानं पट्टीचं बोटभर टोक कापून टाकलं. मी तिथंच उभा होतो. टर्नबकल चार फेरे ढिले केले असते तरी खांब परत सरळ झाले असते. पण मग सांगावं लागलं असतं. मी पाने पिशवीत भरले आणि शहाद्याला आलो.

तीन आठवड्यांनी शेठचा फोन आला. गेलो तर टोकाचा खांब वरपासून खालपर्यंत फाटलेला. मी पाडलेल्या नऊ भोकांच्या रेषेतूनच चीर गेलेली, करवतीनं कापल्यासारखी सरळ. तारा लोंबत होत्या. नशीब तेवढं की ओट्यावर कोणी नव्हतं. शेठ कमरेवर हात ठेवून उभे, बाजूला म्हातारा. त्याला वरून बोलावून घेतलं होतं, घामानं डबडबला होता. शेठनी मला विचारलं, मिस्तरी, हे कसं झालं?

माझी पाचावर धारण बसली होती. दुकानाच्या पाटीवर मी नुकतंच स्टील रेलिंग असं रंगवून घेतलं होतं. सगळ्या शहाद्यात सांगत सुटलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "लाकूड कच्चं होतं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. खरंच का, असं विचारल्यासारखं बघितलं. मग खांबाजवळ गेला, चिरेत बोट घातलं, ते नाकाला लावलं. बराच वेळ लावून उभा राहिला. मी वाट बघत होतो की तो आता म्हणेल, दोन पावसाळे वाळवलंय, कच्चं कसं? तो म्हणाला असता तर मी कदाचित तिथंच कबूल केलं असतं. असं मी मनाला सांगतो. त्यानं मान खाली घातली आणि वाकस, रंधा, करवत गोणपाटात गुंडाळायला लागला.

शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, पुढच्या चारही कॉटेजांना लाकडाचे खांब नकोत, लोखंडाचे करा, आणि ते तुम्हीच करा मिस्तरी. मी हो म्हणालो. म्हातारा वीस पावलांवर होता, त्याला ऐकू गेलं असेल. नसेलही. मी आवाज कमी केला होता, एवढं मला आठवतं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, चार कामं मिळाली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, आणि तुन्हा तो सुतार? रोज ज्यान्ही तारीफ करी ऱ्हायंता? मी म्हणालो, त्याचं लाकूड कच्चं निघालं. तिचा हात थांबला. माझे कपडे तीच धुते. म्हणाली, पंधरा दिन तुन्हा कपडामधला भुसा मीच झटका ना. ओला लाकूडना भुसा असा उडस का? मी ताटातली भाकरी मोडत राहिलो. मग ती शुद्ध मराठीत म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. शाळेतल्या बाईंसारखं, एकेक शब्द सुटा करून. मी ताटावरून उठलो, तिला नको ते बोललो. बाईमाणसाला लोखंडातलं काय कळतं, असंही बोललो. लोखंडातलं तिला कळत नसेल. माणसातलं कळतं.

दिवाळी झाली. एका सकाळी म्हसावदच्या पुढं पंक्चर काढत बसलो होतो, तेव्हा ऊसतोडीला निघालेल्या माणसांचा ट्रक गेला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, आणि मागच्या फळीला टेकून म्हातारा बसलेला. शेजारी त्याची बायको, दोन्ही हात कमरेवर. त्यानं मला ओळखलं आणि हात वर केला. चांगला उंच केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. मी खाली वाकून ट्यूब बघायला लागलो. ट्यूबचं काम झालेलं होतं.

आता एवढं होऊन माणूस सुधारला असेल असं वाटेल. नाही. मी पहिल्या दोन कॉटेजांचे लोखंडी खांब उभे केले. मोठ्या तोऱ्यात केले. चौकोनी पाइप, जाड, खाली प्लेट वेल्ड करून बोल्ट मारलेले. मनात म्हणालो, आता ताण किती ताणायचं ते. एकाच्या तारा ताणल्या. बोलल्या. दुसऱ्याच्याही ताणल्या. आणि त्या दुसऱ्यावर पट्टी ठेवायला गेलो तर ती लांब. ओळंबा लावला. टोकाचा लोखंडी खांब दोन बोटं आत वाकला होता. मी बनवलेला, मी उभा केलेला. मी तिथंच फतकल मारून बसलो. लोखंडाला कच्चं म्हणता येईना.

त्या दिवशी मी आधी टर्नबकल ढिले केले, पट्ट्या पक्क्या बसवल्या, आणि मग मधल्या तारेपासून सुरुवात करून वरखाली बेताबेतानं ताणत गेलो, सुरतच्या माणसानं शिकवलं होतं तसं. छेडलं नाही. दोन तारांमध्ये मूठ घातली तर तार फाकत नाही, एवढं बघितलं आणि सोडून दिलं. तासाभराचं काम होतं. शिकून आलो तेव्हापासून येत होतं मला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती दोन शिव्या देईल आणि मग म्हणेल, जाऊ दे. तसं काही झालं नाही. म्हणाली, पहिले शेठले सांग. मंग त्याकडे जाय. रिकामा हाते माफी मांगाले जाऊ नको. मी शेठना फोन केला. चूक माझी होती, लाकूड चांगलं होतं, उरलेली दोन त्याला द्या, मी फुकट हाताखाली राबतो, असं सगळं एका दमात बोललो.  शेठ एवढंच म्हणाले, तुमच्या भरवशावर मी माणसं दरीच्या काठाला बसवणार होतो. उरलेल्या दोन्ही कॉटेजांचं काम त्यांनी सुरतच्या एका पार्टीला दिलं, तेही लोखंडातच. म्हणजे माझा हात शेवटी रिकामाच राहिला. बायकोला म्हणालो, आता जाऊन काय करू? ती म्हणाली, तरी जाय.

होळीच्या आठवड्यात गेलो. डोंगरातली सगळी माणसं तेव्हा घरी परततात. म्हातारा अंगणातच होता, मला बघून असा लगबगीनं उठला की मला परत फिरावंसं वाटलं. खाट टाकली, तिच्यावर गोधडी टाकली, पाणी दिलं. बायकोला आत हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. चूल दाराच्या आतच होती, मी बसलो तिथून दिसत होती. मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलायला लागला. मोडक्या मराठीत, शब्द जुळवत. म्हणाला, मिस्तरी, मीच तुमच्याकडं येणार होतो, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती. तुमचं एवढं चांगलं काम माझ्या लाकडानं नासलं. शेठ तुम्हाला काही बोलला का? तुमचं नाव तर खराब झालं नाही ना? ट्रकमधून हात केला तेव्हा तुम्ही बघितलं नाही, तेव्हाच म्हटलं, रागावलेत, आणि बरोबरच आहे रागावले ते.

 कुठं बघावं कळेना म्हणून मी चुलीकडे बघत होतो. तिच्यात जे लाकूड जळत होतं ते चौकोनी होतं. कडा धारदार, रंधा मारलेल्या. घराच्या खांबासारखा जाड ठोकळा, पुढचं टोक विस्तवात आणि मागचं पार दारापर्यंत आलेलं. सागाच्या तेलाचा वास अंगणात येत होता. मी विचारलं, दादा, हे काय जाळताय?

तो म्हणाला, घरासाठी ठेवले होते. स्वतःच्या शेताच्या बांधावरची दोन झाडं, परवानगी काढून पाडलेली. चार खांब. शेठच्या लाकडाबरोबर, त्याच छपराखाली, तसेच वाळवलेले. या उन्हाळ्यात जुनी कुडाची भिंत काढून या खांबांवर नवं घर उभं करायचं होतं. "पण तुम्ही बोलले ना. तेव्हा कळलं, माझी पारख गेली. कच्च्या खांबाखाली नातवंडं कशी झोपवू?"

दोन जाळून झाले होते. तिसरा चुलीत होता. चौथा मागच्या भिंतीला टेकून उभा होता.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते धड आठवत नाही. लाकूड कच्चं नव्हतं, तारा मी जास्त ताणल्या, पट्टीची वाट बघितली नाही, माप तुमचं बरोबर होतं, खांब मी वाकवले. शेठलाही सांगितलंय पण काम गेलं ते गेलं. हे सगळं मी खाटेवर बसूनच बोललो. उठून त्याच्या पायाशी बसायला हवं होतं, तेही सुचलं नाही. तो ऐकत होता.  माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"तुम्ही बोलले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

 मग मान वळवून त्यानं बायकोला पावरीत काहीतरी सांगितलं. थोडंच सांगितलं, दोन-तीन वाक्यं असतील. मला पावरी येत नाही. ती चुलीपुढे उकिडवी बसून चहाला उकळी यायची वाट बघत होती. ऐकता ऐकता तिनं भांडं खाली उतरवलं. भिंतीला हात धरून उठली, कोपऱ्यातला पाण्याचा हंडा उचलला आणि चुलीवर ओतला. वाफ आणि राख दारातून माझ्या अंगावर आली. म्हातारा आत गेला. दोघांनी मिळून तो खांब बाहेर ओढला आणि अंगणात आडवा ठेवला. जळका भाग त्यानं वाकसानं तासून काढला, खालचं लाकूड दिसेपर्यंत. मग वितीनं मोजायला लागला. अर्ध्याहून थोडा जास्त उरला होता. घराला पुरणार नव्हता, तरी तो पुन्हा पहिल्यापासून मोजत होता आणि ती वाकून, एक हात कमरेवर ठेवून, त्याच्याबरोबर मोजत होती.

मी खाटेवर बसून होतो. मला जा असं कोणी म्हणालं नाही. मी उठलो तेव्हा बसा असंही कोणी म्हणालं नाही.